म्हशीच्या चित्राला घातलेला हार

आमच्या दुकानात हार घ्यायला कोणी आलं की बाबा एकच विचारतात, "गळ्यात की फोटोले?" यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. गळ्यातला हार लांब लागतो, पोटापर्यंत यावा लागतो. फोटोचा हार चौकटीच्या मापानं तोकडा करतात, नाहीतर फोटोतल्या माणसाचं तोंडच झाकलं जातं. फुलं तीच, दोरा तोच, सुई तीच. अमरावतीच्या फुलबाजारात हा प्रश्न ऐकतच मी मोठी झाले.

बाबांच्या हाराची एक खूण आहे. खाली गोंडा लावतात तिथं ते अशोकाची तीन पानं घडी घालून पुडीसारखी करतात आणि लाल दोऱ्यानं टाचतात. बाजारात दुसरं कोणी हे करत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि गिऱ्हाइकाचं तिकडं लक्षही जात नाही. मी किती वेळा म्हटलं, बाबा, सोडा ना ते. ते म्हणतात, "तू तुह्यं काम कर." तर माझं काम म्हणजे दिवसभर हार ओवणं. आणि दुकान बंद झालं की मी खार असायची.

हे समजावून सांगावं लागतं. इंटरनेटवर लोक लाइव्ह येतात, गेम खेळतात, गप्पा हाणतात, आणि बाकीचे बघत बसतात. काही जण आपलं तोंड दाखवत नाहीत, तोंडाऐवजी एक चित्र ठेवतात. कॅमेरा आपल्याला बघतो. आपण मान हलवली की चित्र मान हलवतं, आपण बोललो की चित्राचं तोंड उघडतं. आम्ही असे चौघं होतो. एक म्हैस, एक संत्रं, एक घुबड आणि मी खार. चौघंही वऱ्हाडी बोलायचो, तेवढंच आमचं भांडवल. पुण्याचं कोणीतरी एकदा लिहून गेलं की तुम्ही सारखे भांडता का? तेव्हा आम्ही एकमेकांना जेवणाचा आग्रह करत होतो.

गटाचा नियम एकच. खरं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, नंबर द्यायचा नाही. आपल्याकडं हे लागतंच बापा. आडनाव आणि गाव विचारलं की तिसऱ्या वाक्याला माणूस तुमच्या आत्याच्या दिराचा साडू निघतो, आणि चौथ्या वाक्याला तुमच्या घरी फोन जातो की पोरगी संध्याकाळची खार होऊन राहिली.

तरी माणसाचं गाव माइकमधून गळतंच. संत्रं म्हणजे एक हुशार पोट्टं; चौघांची चित्रं त्यानंच काढली होती आणि कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. बोलताना त्याच्यामागं चांदूर बाजारच्या आठवडी बाजाराचा भोंगा वाजायचा. घुबड पन्नाशीतले, अकोल्याचे, बटणं, लेस आणि साडीच्या फॉलचं त्यांचं दुकान. हे त्यांनी पहिल्याच दिवशी नियम वाचून दाखवता दाखवता सांगून टाकलं. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. आणि म्हशीच्या मागून जीपवाले ओरडायचे, "धारणी, धारणी, एक शीट, एक शीट!" धारणीच्या जीप सुटतात परतवाड्याहून, म्हणजे म्हैस परतवाड्याची.

आमच्यात नाव होतं ते म्हशीचं. तिचा आवाज भारी, संथ, पोटातून येणारा. लोक तिला घरातली भांडणं लिहून पाठवायचे, सासू असं म्हणते, नवरा तसं वागतो, भावानं बांध कोरला. म्हैस सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि निकाल द्यायची, "जेवन कर अन झोप." निकाल दरवेळी हाच. लोकांना पटायचाही. मग तिचं तिलाच हसू यायचं, आणि हसू आलं की ती तळहातानं टेबल वाजवायची, धप धप, दोनदा. माइक टेबलावरच असल्यामुळे तो आवाज ऐकणाऱ्याच्या छातीत जायचा. संत्रं दरवेळी म्हणायचं, "टेबल नको वाजवू वं, आवाज फाटून राहिला." तिनं एकदाही ऐकलं नाही.

मला बाजारात ओळखी पुष्कळ आहेत, मैत्रीण एकही नव्हती. बसून बसून कंबर दुखायची, बाबांची कटकट ऐकून डोकं उठायचं, आणि मनात एकच असायचं की संध्याकाळी म्हशीला सांगू. तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. ती काळी की गोरी, लग्नाची की बिनलग्नाची, काही माहीत नव्हतं. पण ती माझी होती, एवढं मला पक्कं माहीत होतं.

आधी संत्रं गेलं. आमच्या गटात त्यानं लिहिलं, "वैयक्तिक कारणास्तव मी या समूहातून बाहेर पडत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे." चाचांनी ते वाचून विचारलं, "हे कोनी लिहिलं?" दोन वर्षांत त्यानं असं मराठी काढलं नव्हतं. लवकरच तो पुण्याच्या एका मोठ्या गटात दिसला. तिथं तो किवी होता. "मित्रांनो, चला तर मग, सुरुवात करूया," म्हणत होता. चाचांनी मला विचारलं, "बाई, किवी म्हंजे पक्षी की फळ?" मी म्हटलं, काही का असेना, आपल्याकडे दोन्ही होत नाहीत.

आणि त्याच आठवड्यात म्हैस गेली. तिनं काही लिहिलंच नाही. खातं बंद, जुने निरोप गायब. आदल्या दिवशी तिनं एका बाईला निकाल दिला होता, नेहमीचाच. आवाज जरा बसल्यासारखा होता, मी म्हटलं, गरम पानी पे. ती म्हणाली, "हो वं." बस्स. आमच्याकडे तिचा नंबर नाही, नाव नाही. नियम किती चांगला आहे हे मला तेव्हा कळलं.

बघणाऱ्यांनी आपलं ठरवून टाकलं की म्हैस आणि संत्रं पळून गेले. कोणी मुहूर्त विचारला, कोणी रुखवताचं काय म्हणून विचारलं, एकानं तर दोघांना होणारं लेकरू कसं दिसेल याचं चित्र काढलं. मी सांगून थकले की असं काही नाही. चाचांनी तीन दिवस दम धरला, मग मला लिहिलं, "बाई, परतवाड्याले जाऊन पाहू काय?"

नियम तोडायचा म्हणजे पूर्ण तोडायचा नाही, असं चाचांचं म्हणणं पडलं. आम्ही भेटू, पण नाव सांगणार नाही, आणि तिच्याबद्दल जे खरंच माहीत आहे तेवढंच विचारू. मी अमरावतीहून गेले, ते अकोल्याहून आले. जीप उभ्या राहतात तिथं पांढऱ्या दाढीचा, बगलेत छत्री धरलेला एक माणूस मला म्हणाला, "सलाम, खारबाई." आवाज माझ्या घरातला आणि माणूस परका. मला कुठं बघावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या छत्रीकडे बघून बोलले.

चाचांनी एका जीपवाल्याला गाठलं. "भाऊ, आमची म्हैस हरवली. इथीच कुठीतरी राहे."

जीपवाला चांगला माणूस. त्यानं विडी विझवली. "मुऱ्हा का गावरान?"

चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "गावरानच म्हना."

"कवापासून नाई?"

"चार दिवस झाले," चाचा म्हणाले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. जीपवाल्याला त्यांची दया आली. तो जीप सोडून स्वतः आमच्यासोबत आला आणि आम्हाला कोंडवाड्यात घेऊन गेला, मोकाट जनावरं पकडून ठेवतात तिथं. तिथल्या माणसानं रंग विचारला. चाचा म्हणाले, "निळी." पडद्यावर ती खरंच निळी होती. त्या माणसानं आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि जीपवाल्याला विचारलं, "हे कोन होय तुह्ये?" चाचांनी तरी नियम सोडला नाही. परतीच्या बसची वाट बघताना ते म्हणाले, "हिंमत नाई हारायची बाई." मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या वाटचाही चहा पिऊन टाकला.

मग लोक मागं लागले की निदान निरोप समारंभ तरी करा. मोठ्या गटात कोणी गेलं की करतात म्हणे. समारंभ म्हटला की आम्हाला शाल-श्रीफळच सुचतं. चाचांनी कुठूनतरी नारळाचं चित्र आणलं. हाराचं मी बघते म्हटलं. मनात असं होतं की कुठं असेल तिथून ती बघेल, तिला वाटेल की आपला मान केला, आणि एक ओळ तरी लिहील. मला तेवढी एक ओळ पाहिजे होती.

बाबांनी त्या दिवशी शेवंतीचा हार केला होता, गोंड्यात अशोकाची तीन पानं. तो खिळ्याला टांगला, फोटो काढला, मागचं कापलं आणि म्हशीच्या चित्रावर बसवला. लांब होत होता, म्हणून मापानं तोकडा केला. हात आपोआप चालले. चाचा म्हणाले, "बाई, तुमच्यात फोटोले हार घालतात तवा..." मी म्हटलं, "चाचा, फुलाचं मले नका सांगू." त्यांनी नारळ समोर ठेवला.

एक गोष्ट अजून. गटातलं जे कोणी हजर नसेल त्याचं चित्र आपोआप करड्या रंगाचं होऊन डोळे मिटायचं. ही सोय संत्र्यानं करून ठेवली होती. ती बंद कशी करायची ते तोच जाणे.

तर आम्ही लाइव्ह आलो. एका बाजूला घुबड, एका बाजूला खार, आणि मध्ये करडी म्हैस, डोळे मिटलेली, गळ्यात शेवंतीचा हार, समोर नारळ. चाचा म्हणाले, "राजेहो, आज आपन सारे इथी जमलो..."

बघणारे लिहितात ती गप्पांची पट्टी एकदम थांबली. नंतर पहिली ओळ आली, "भावपूर्ण श्रद्धांजली." तिच्याखाली दुसरी. मग बापा हात जोडलेल्या चित्रांचा पूरच आला. "माय माय माय, काय झाल्तं?" "काल तं चांगली होती." "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." "तेरवी कवा हाय?" "संत्र्याले कळवलं काय?" मी ओरडले, "अवो, जित्ती आहे ते!" कोणीतरी लिहिलं, "मंग कुठी आहे?"

आणि मला सांगता येईना. मी तोंड उघडलं, खारीनंही उघडलं, आणि दोघींच्या तोंडातून काही निघालं नाही. लोकांनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं.

पुढचे दिवस वाईट गेले. लोकांनी समईची चित्रं काढली. कोणी म्हशीचे सगळे निकाल एकत्र जोडले. सलग ऐकलं तर जेवन कर अन झोप, जेवन कर अन झोप, असं बराच वेळ चालायचं. पुण्याच्या गटानंही मौन पाळलं. किवी मान खाली घालून उभा होता. बाकीच्यांनी माना वर केल्या तरी त्याची खालीच होती. मला वाटलं त्याचं इंटरनेट गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू मलाही खरं वाटायला लागलं. जिवंत असती तर एवढं होऊन गप्प बसली असती का ती? मी फुलं ओवता ओवता रडायची. बाबा म्हणायचे, "हारावर पानी मारलेलं आहे, अजून कायले मारून राहिली?"

असंच एका सकाळी एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. स्कूटीवरच्या बायका बांधतात तसा तोंडाला, गळ्याला स्कार्फ गुंडाळलेला. ती टांगलेला एकेक हार हातात घेऊन खालचा गोंडा उलटा करून बघत होती. मला असली गिऱ्हाइकं आवडत नाहीत. घ्यायचं नसतं, फुलं तेवढी चोळामोळा होतात.

"गळ्यात की फोटोले?" मी विचारलं.

तिनं स्कार्फ खाली ओढला आणि गळ्यावर बोट ठेवलं. तिथं एक आडवी लाल रेघ होती, टाके काढून फार दिवस न झालेली. मी रेघेकडे बघत बसले. आतून बाबा ओरडले, "गळ्यात म्हनते तं माप घे ना! पाहत काय बसली, गळा पळून चालला काय तिचा?"

बाईला हसू आलं. खांदे हलत होते, तोंड उघडं होतं, आवाज मात्र काहीच नाही. आणि हसता हसता तिनं आमच्या दुकानाच्या फळीवर तळहात आपटला. धप धप. दोनदा.

माझ्या हातातली सुई बोटात गेली.

"म्हशे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग फोन काढला, टाइप केलं आणि माझ्यासमोर धरला. "तीन पानं. अमरावती तं तुह्या माइकातूनच गळे, सारा बाजार पालथा घातला. हार काढ आता, मी जित्ती आहो."

गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन करा, पण आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. झालं तसंच. परत येईल की नाही कोणी सांगू शकत नव्हतं. बोलायला गेली की नुसती हवा यायची. तिनं लिहिलं, "म्हैस म्हंजे आवाज. आवाज नाई तं मी तुमच्यात येऊन काय करू? तुमी कीव केली असती. म्हनून निघाली."

मी तिला शिव्या घातल्या. भर बाजारात, सकाळच्या गिऱ्हाइकीत, ज्या आठवल्या त्या सगळ्या. "एक ओळ लिहिता येत नव्हती काय वं तुले? तुह्यापायी कोंडवाड्यात जाऊन आलो आमी! चाचानं रंग निळा सांगतला!" ती पुन्हा हसायला लागली, फळी पुन्हा धपधपली, शेवंतीची टोपली खाली पडली. बाबा बाहेर येऊन बघायला लागले की ही कोण आहे आणि माझी पोरगी रडते की हसते. मला तरी कुठं माहीत होतं! मी तिचा हात धरला आणि मोठ्यानं रडले. तिनं एका हातानं टाइप केलं. "जेवन कर अन झोप."

म्हशीनं खातं पुन्हा उघडलं आणि त्या संध्याकाळी आम्ही लाइव्ह आलो. चाचांना मी फक्त म्हटलं होतं की या. पट्टीवर अजूनही एखाददुसरी श्रद्धांजली येतच होती. एकाएकी करड्या म्हशीचा रंग निळा झाला आणि तिनं डोळे उघडले. कोणीतरी लिहिलं, "भूत!" चाचा म्हणाले, "या अल्ला," आणि घुबडही करडं होऊन डोळे मिटून बसलं, ते खुर्चीवरून उठले होते. मला हार काढायचा होता, पण कसा काढायचा ते सापडेना. शेवटी राहू दिला. आता तो गळ्यातला होता.

म्हशीचं तोंड उघडलं, मिटलं. लोक लिहायला लागले, "आवाज येत नाई." "माइक पाहा." मी सांगायला सुरुवात केली की आवाज येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही, पण म्हैस इथंच राहणार आहे. ज्याला पटत नसेल त्यानं उठून जावं, असंही म्हटलं. माझा स्वर चढला होता. पट्टी गप्प होती. म्हैस खाली बघत होती. त्या क्षणी ती परत उठून गेली असती, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं.

घुबडाचा रंग परत आला. चाचांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हैसबाई, कोंडवाड्यातून कवा सुटल्या?"

धप धप.

आणि पट्टीवर एक ओळ आली. खात्याला नाव नव्हतं, चित्र नव्हतं. "टेबल नको वाजवू वं, आवाज फाटून राहिला."

हे वाक्य कोणाचं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हशीनं ती ओळ वाचली, मान वर केली आणि टेबल पुन्हा वाजवलं, या वेळी दोन्ही हातांनी.